पावलांखालची टरफलं

काल सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि कोपऱ्यावरच थबकले. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून एक बाई अवरेच्या शेंगा ओतत होती. ढीग अजून पुरता मांडून झाला नव्हता, पण वास आधीच पुढे आला होता. तेलकट, हिरवट, जरासा उग्र. इथले लोक त्या वासाला ‘सोगडु’ म्हणतात. मराठीत मी त्याला शब्द शोधून पाहिला, सापडला नाही, आणि आता शोधायचं सोडूनही दिलंय. काही वास ज्या गावचे त्या गावच्या शब्दातच बरे लागतात. मी एक शेंग उचलून चिमटीत दाबली, बोटं नाकाशी नेली, आणि दूध विसरून पिशवीभर अवरे घेऊन घरी आले.

अवरे म्हणजे आपला पावटाच की, असं मी इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका भाजीवाल्याला मोडक्या हिंदीत ऐकवलं होतं. मी त्याच्या आईला नावं ठेवल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. बंगळूरात वर्षाचे दोनच भाग असतात, अवरे असते तेव्हाचा आणि अवरे नसते तेव्हाचा, हे मला अजून कळायचं होतं. मार्गशीर्ष लागला, सकाळी धुकं पडायला लागलं, शेंगांवर दव बसलं की इथल्या स्वयंपाकघरांत दुसरं काही शिजतच नाही. उपम्यात अवरे, सारात अवरे, तांदळाच्या भाकरीत अवरे, वर तळून डब्यात भरून ठेवलेली अवरे. संक्रांत उलटेपर्यंत घरोघर हेच. या प्रकाराला कंटाळलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. माझा नवरासुद्धा कंटाळत नाही, आणि तो स्वभावाने कंटाळखोर आहे.

पण शेंगा आल्या की टरफलं आलीच. सोलून झाल्यावर दाणे वाटीभर निघतात आणि टरफलांचा डोंगर होतो. लोकांना हा हंगाम चवीने आठवतो. मला तो टरफलांमुळे आठवतो, आणि त्यातही एकाच वर्षाचा.

माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, इथे नोकरी लागली आणि नव्वदीच्या दशकात आम्ही पुण्याहून बनशंकरीला आलो. आमची मुक्ता तेव्हा बालवाडीत जायची. घर छान होतं. तळमजला, पुढे जास्वंद, पायाला गार लागणारी लाल फरशी आणि हॉलला चांगली ऐसपैस खिडकी. घरमालकांनी घर दाखवलं तेव्हा खिडकी बंद होती आणि तिच्यावर पडदा ओढलेला होता. आम्हाला वाटलं उन्हासाठी असेल. सामान लागल्यावर मी ती उघडली तर समोर तोट्टी.

तोट्टी म्हणजे कचऱ्याची कुंडी, सिमेंटचं कमरेएवढं गोल कडं. आमच्या फाटकासमोर तीन रस्ते एकत्र येतात, त्या तिठ्यावर ती बसवलेली होती. कचरा तिच्यात कमी आणि भोवती जास्त. लोक दुरूनच नेम धरून पिशवी फेकत आणि नेम चुकला तरी मागे वळून बघत नसत. मग गायी येत, कुत्री येत, आणि फारच साचलं की कुणीतरी ते पेटवून देई. धूर सरळ आमच्या हॉलमध्ये. मुक्ताला खोकला सुरू झाला तो जाईचना. रात्री तिची छाती वाजायची आणि मी नुसती बसून राहायची. डॉक्टर म्हणाले, धूर टाळा. कसा टाळायचा ते त्यांनी सांगितलं नाही. दिवाळीनंतर श्रीकांतने जे. पी. नगरात एक घर बघून ठेवलं. संक्रांतीपर्यंत काही सुधारलं नाही तर इथून हलायचं, असं आमचं ठरलं.

ठरलं म्हणजे त्याने ठरवलं आणि मी मान हलवली. पोरीच्या छातीपुढे मी काय बोलणार? पण मला तिथून जायचं नव्हतं, आणि त्याचं कारण भिंतीपलीकडे राहत होतं.

तुळसक्का. साठीच्या पुढची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि पायात कायम चपला घातलेल्याच, जणू आत्ता कुठेतरी निघाली आहे. तिचं घराणं काही शतकांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत उतरलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत निम्मी कन्नड आणि उरलेल्यात आमच्याकडे केव्हाच बोलायचे बंद झालेले शब्द. मी एकदा अंगणात मुक्ताला रागावत होते. भिंतीवरून डोकं वर आलं आणि म्हणालं, “अय्यो, आपलंच माणूस की गे!” मी सहा महिने दुकानदारांशी हातवारे करून बोलत होते. आपलंच माणूस हे दोन शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागावणं अर्धवट राहिलं ते मुक्ताने पक्कं लक्षात ठेवलं आणि पुढे अनेकदा वापरलं.

अवरेच्या दिवसांत तुळसक्काच्या ओट्यावर बसून आम्ही भिजवलेले दाणे चिमटीत दाबायचो. साल सुटतं, आतली डाळ टुणकन उडते. ही तर आमची डाळिंब्या सोलायची रीत, मी म्हणाले. ती म्हणाली, आम्हीच शिकवली असेल तुम्हाला. मी म्हणाले, तुम्हीच इकडे येताना घेऊन आला असाल. या वादाचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. वाद चालू असताना पातेलं मात्र भरून जाई.

आमच्या त्या भागात मंडळांना तोटा नव्हता. तुळसक्काची भजनी मंडळी मारुतीच्या देवळात जमायची. देवळापुढची जागा त्या बायका आरशासारखी लख्ख ठेवत, पण रांगोळी जिथे संपे तिथे त्यांची हद्द संपे. रस्त्यापलीकडे एक तिकोनी बाग होती, तिच्यात सकाळी फिरणाऱ्या निवृत्त मंडळींचा संघ होता. त्यांचे पुढारी नरसिंहय्या. कारखान्यातून निवृत्त झालेले, माकडटोपी घातलेले, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला अर्ज करणं हा उपाय मानणारे. आणि आम्ही मराठी बायका. आमचं हळदीकुंकू, गणपतीतलं नाटुकलं आणि त्या नाटुकल्यावरून पुढे वर्षभर पुरणारे रुसवे. तोट्टी या सगळ्यांच्या अगदी मधोमध होती. म्हणूनच ती कुणाचीच नव्हती.

पुढे जे झालं त्याचं श्रेय तिन्ही मंडळं आजही घेतात. मी मला माहीत आहे ते सांगते. एका संध्याकाळी तोट्टी पुन्हा पेटली, मुक्ता खोकून खोकून निळी पडायला आली, आणि मी तिला कडेवर घेऊन भांडायला बाहेर पडले. कुणाशी भांडायचं ते ठरलं नव्हतं. उजेड दिसला तो देवळात, म्हणून देवळात शिरले. भजन चालू होतं. भजनाच्या मध्ये भांडायचं कसं, ते पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मागे बसून राहिले. पोर खोकत होती आणि बायका टाळ वाजवता वाजवता वळून बघत होत्या. आरती झाल्यावर मी माझं म्हणणं मांडलं आणि तुळसक्काने ते कन्नडमध्ये करून सांगितलं. मी बोलले त्याच्या तिप्पट वेळ ती बोलली, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ गोड बोलली असावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बायका थेट बागेत गेल्या आणि त्यांनी नरसिंहय्यांना गाठलं.

त्यानंतरचे काही आठवडे मला नीट ओळीने आठवत नाहीत. आठवतात ते आवाज. सकाळच्या धुक्यात हातगाडीची घंटा वाजायची. कचरा गोळा करणारी रत्नम्मा गाडी ढकलत घरोघर थांबायची, आणि लोक दोन बादल्या घेऊन दाराशी यायचे, एक ओल्याची, एक कोरड्याची. ओल्या कचऱ्यासाठी बागेच्या मागच्या कोपऱ्यात खड्डे खणले होते. ते फिरणाऱ्या मंडळींनी खणले, म्हणजे काहींनी खणले आणि बाकीच्यांनी कसं खणावं ते सांगितलं. घरोघर जाऊन समजावण्याचं काम भजनी मंडळीकडे होतं, कारण हळदीकुंकवाची कुयरी घेऊन दारात आलेल्या बाईला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. राहिलं ते तिठ्यावर उभं राहून, पिशवी लपवून आणणाऱ्यांना परत पाठवायचं काम. ते आम्हा मराठी बायकांकडे आलं. पुण्याच्या माणसांना हे उत्तम जमेल, असं सर्वानुमते ठरलं म्हणे. जमलंही.

कार्पोरेशनचे आरोग्य निरीक्षक आले, सगळं पाहून गेले. अबोल माणूस. नरसिंहय्यांनी त्यांना बरंच काही सांगितलं, त्यांनी एकच सांगितलं. तोट्टी उचलून नेतो, संक्रांतीपर्यंत बघतो, तिठ्यावर कचरा दिसला तर ती परत जागच्या जागी येईल. श्रीकांत आणि ते निरीक्षक एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांनी मला एकच मुदत दिली होती.

तोट्टी उचलली त्या दिवशी मी खिडकी सताड उघडी टाकली. पडदे धुतले. समोर रस्त्यावर एक काळपट गोल डाग तेवढा उरला होता. तुळसक्काने त्यावर पाणी शिंपडून मोठी रांगोळी काढली. घरात ऊन आलं आणि फरशीवर पसरलं. हळूहळू मुक्ताचा खोकला कमी होत गेला. एका रात्री तिची छाती वाजलीच नाही आणि त्या शांततेनेच मला जाग आली. अंधारात बराच वेळ तिच्या श्वासावर हात ठेवून पडले होते. माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या गोष्टी मोजायला बसले तर ती रात्र फार वर लागेल.

आणि मग अवरे आली.

पहिल्या दिवशी रत्नम्माची गाडी अर्ध्या रस्त्यातच भरली. टरफलांच्या बादल्यांवर बादल्या. तिला दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या कराव्या लागल्या. खड्डे काठोकाठ भरले, त्यांना तो सोगडु वास सुटला, आणि कडाक्याच्या थंडीत ढिगांतून वाफ निघायला लागली. नरसिंहय्या फिरून आले की त्या ढिगावर हात धरून शेकत उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून शेकायला लावत. सगळं गाव अवरे सोलत होतं आणि एक टरफल रस्त्यावर पडत नव्हतं. आम्ही सगळेच जरा हवेत होतो.

मग एका सकाळी माझ्या फाटकासमोर मूठभर टरफलं पडलेली दिसली. वाटलं, गाडीतून सांडली असतील. झाडून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, पहिल्यापेक्षा जास्त. तिसऱ्या दिवशी तर रांगोळीच दिसेना. नीट तिठ्याच्या मधोमध, माझ्या दारासमोर, आणि दुसऱ्या कुणाच्याही दारात नाही. मी ओळखलं. मी लोकांना पिशव्यांसकट परत पाठवत होते, भरल्या रस्त्यात बोलत होते, आणि माझी कन्नड अशी की साधं ‘नको’ म्हटलं तरी शिवी दिल्यासारखं वाटे. हा त्याचा सूड होता. या बाईच्या दारात कचरा दिसू दे, तोट्टी परत येऊ दे, आणि ही आपल्या गावी जाऊ दे.

मी श्रीकांतला काही सांगितलं नाही. घंटा वाजायच्या आत उठून झाडून घ्यायची. झाडताना संताप व्हायचा आणि संतापाखाली दुसरंच काहीतरी असायचं. मला वाईट वाटत होतं. या लोकांत आपण रुजलो असं मला वाटायला लागलं होतं आणि ते खोटं निघालं होतं. संक्रांत तोंडावर आली होती. निरीक्षकांची स्कूटर दोनदा रस्त्यावरून जाताना दिसली होती. जे. पी. नगरचे घरमालक निरोपावर निरोप पाठवत होते. मी मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली होती.

शेवटी ठरवलं की जायचंच असेल तर निदान दोन शब्द सुनावून जावं. भल्या पहाटे शाल गुंडाळून, हातात खराटा घेऊन जास्वंदीमागे उभी राहिले. धुकं इतकं की समोरचा दिव्याचा खांब दिसत नव्हता. थोड्या वेळाने डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आली, मूठ उघडली, वळून गेली. मग दुसरी. मग आणखी दोघी. मी एकेकीला चालीवरून ओळखत होते. या त्याच बायका होत्या, ज्या कुयरी घेऊन दारोदार फिरल्या होत्या, रस्त्यावर कचरा टाकू नका म्हणून. आणि मग चपलांचा तो ओळखीचा आवाज आला. तुळसक्का फाटकापाशी थांबली, तिने ओंजळ माझ्या उंबऱ्याच्या अगदी समोर रिकामी केली आणि हात झटकले.

मी बाहेर आले. संतापाने बोलायचं ते सगळं विसरले होते. एवढंच तोंडातून निघालं, “अक्का, तुम्हीसुद्धा?”

ती जराही दचकली नाही. “मग? तू टाकत नाहीस म्हणून मीच टाकायला पायजे की गे.”

“माझ्या दारात कचरा?”

“कचरा कुठला? तुझ्याच घरची सिप्पे आहे ही. काल तू बादलीत घातलीस, त्यातली मूठभर मी काढून ठेवली.” टरफलांना ती सिप्पे म्हणायची. “पोरीचा खोकला गेला. चार लोकं बघतात, बोलतात. दृष्ट लागायला किती वेळ लागतंय? डब्यात घालून खड्ड्यात पुरली तर दृष्ट घरातच राहिली ना. सिप्पे लोकांच्या पायाखाली गेली म्हणजे सरी होतं, ठीक होतं सगळं.”

मी तिथे फाटकाला धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. ती मला गप्प करण्याऐवजी रीत समजावून सांगत राहिली. हंगामाची टरफलं घरापुढच्या रस्त्यावर टाकायची. लोक त्यावरून चालतात, घरावर कुणाची नजर असेल ती तुडवली जाते. तिच्या सासूने केलं, सासूच्या सासूने केलं. आता रस्ता स्वच्छ ठेवायचा असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, ठीक आहे, ठरवलं तर ठरवलं. बायकांनी आपापल्या दारात एक साल पडू दिलं नाही. पण मूठभर तरी कुठेतरी पायाखाली जायला नको का? तीन रस्ते मिळतात तिथे सगळ्यात जास्त पाय. मूठभराला कोण कचरा म्हणतं? प्रत्येकीने असाच विचार केला होता, आणि प्रत्येकीला वाटत होतं की मूठ आपली एकटीचीच आहे.

रडणं ओसरल्यावर माझं डोकं चालायला लागलं. मी विचारलं, पायच हवेत ना? ती म्हणाली, हो, पाय. कुणाचे का असेनात. मग रस्ताच हवा असं काही नाही? तुळसक्का विचारात पडली. तिने देवळाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि म्हणाली, “रस्ता म्हणून नाही सांगितलं कुणी. पाय म्हणून सांगितलंय.”

धुकं विरायला लागलं होतं आणि पलीकडे बागेतल्या मातीच्या पायवाटेवर माकडटोप्यांची रांग गोल गोल फिरत होती. आम्ही दोघींनी एकाच वेळी तिकडे पाहिलं.

नरसिंहय्या काही सहज तयार झाले नाहीत. त्यांच्या पायवाटेवर अंधश्रद्धा चालणार नाही, असं त्यांनी आम्हाला इंग्रजीत सांगितलं. कुणी घसरून पडलं म्हणजे? वयस्क माणसं आहेत. तेवढ्यात त्यांच्या पत्नी आल्या, त्या भजनी मंडळीतल्याच, आणि पदराआडची मूठ नवऱ्यासमोर पायवाटेवर मोकळी करून तशाच निघून गेल्या. नरसिंहय्या आणखी एक फेरी मारून आले. फेरीत त्यांच्या असं लक्षात आलं होतं की ओल्या टरफलांनी धूळ बसते, माती ओलसर राहते, आणि बागकामात ही पद्धत सर्वमान्य आहे. शास्त्र सापडल्यावर त्यांचा उत्साह कुणाला आवरेना. टरफलं कुठे जाड पसरायची, कुठे पातळ, हे ते काठीने आखून देऊ लागले.

मग रोजचा क्रम लागला. पहाटे बायका आपापली मूठ बागेत आणून पसरत. फिरणारी मंडळी त्यावरून फेऱ्या मारत. त्यांचं झालं की रत्नम्माची गाडी यायच्या आत बायकाच सगळं झाडून खड्ड्यात नेत. कामं वाढली, पण कुणी कुरकुरलं नाही. उलट तोवर एकमेकांच्या हद्दीत पाय न टाकणारी मंडळं रोज तासभर एकाच बागेत दिसायला लागली. आमची एक मराठी वैनी, गणपतीपासून माझ्याशी बोलत नव्हती ती, पसरलेल्या टरफलांवरून माझ्याबरोबर चालता चालता बोलायला लागली. आमच्या दारातली रांगोळी आता संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी दिसायची.

भोगीच्या दिवशी निरीक्षक आले. तिठा पाहिला, मान हलवली. मग बागेत शिरले आणि थांबले. अख्खी पायवाट हिरव्या-तपकिरी टरफलांनी भरलेली. भोगीचा दिवस, प्रत्येक घरात अवरे, त्यामुळे त्या दिवशी मुठी नव्हत्या, टोपल्या होत्या. श्रीकांत माझ्या शेजारी उभा होता. नरसिंहय्यांनी मातीतल्या ओलाव्याविषयी बोलायला सुरुवात केली आणि तुळसक्काने त्यांना मध्येच थांबवलं. खोटं बोलून सणाला सुरुवात नको, असं तिचं म्हणणं. तिने निरीक्षकांना सरळ सांगितलं की ही दृष्टीची टरफलं आहेत, थोड्या वेळाने झाडून खड्ड्यात जाणार आहेत, आणि तुम्हाला कचरा म्हणायचा असेल तर म्हणा.

ते पायवाटेकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी हळू आवाजात तुळसक्काला काहीतरी विचारलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. आम्हाला तिने नंतर सांगितलं. त्यांनी नुकतंच हेब्बाळकडे घर बांधलं होतं. नवी वस्ती, अजून घरं थोडी, दारावरून दिवसभरात माणूस जात नाही. त्यांची आई रोज टरफलं टाकायची आणि रोज ती तशीच न तुडवता पडून राहायची, आणि म्हातारी काळजीने झुरत होती. ते विचारत होते, आमच्या घरची इथे आणली तर चालतील का.

चालतील, म्हणाली तुळसक्का. इथे पाय पुष्कळ आहेत. मग त्या अबोल माणसाने आमच्या पायवाटेवरून एक फेरी मारली, पुढे ते आणि मागे नरसिंहय्या, आणि स्कूटरला किक मारून निघून गेले. तोट्टी परत आली नाही. दुसऱ्या दिवशी मुक्ता नव्या परकरात घरोघर फिरली. इथल्या रीतीने वाटीतून तीळ-गूळ-खोबरं वाटलं आणि आमच्या रीतीने ‘गोड बोला’ असं मराठीत सांगून आली. श्रीकांतने जे. पी. नगरला निरोप पाठवला. मला म्हणाला, तू एवढी भांडलीस, आता घर सोडलं तर मलाच या लोकांशी भांडावं लागेल. एवढंच. पण त्या दिवशी सारात अवरे जास्त पडली आणि त्याने तीनदा वाढून घेतलं.

पुढे शहर केवढं वाढलं ते मी सांगायला नको. आता दोन रंगांच्या बादल्या सगळ्याच गावाला ठाऊक झाल्यात, मोठी गाडी येते, तिच्यातून सूचना ऐकू येतात. आमचे खड्डे केव्हाच बुजले, त्यांच्यावर करंजाची झाडं आहेत. नरसिंहय्या गेले, काही वर्षांनी तुळसक्का गेली. तिच्या घराच्या जागी चार मजले उभे आहेत. आम्ही राहत होतो ते घर आम्ही पुढे विकत घेतलं आणि त्याचे मजले केले, खालची खिडकी मात्र मी होती तशी ठेवायला लावली. मुक्ताची नोकरी आता पुण्यात. हिवाळ्यात फोन आला की आमची खुशाली विचारायच्या आधी विचारते, अवरे आली का? मला पुण्याला गेल्यावर करमत नाही. तिथल्या रिक्षावाल्याला मी ‘स्वल्प थांबा’ म्हणते आणि तो आरशातून बघतो.

तर काल ती पिशवीभर अवरे सोलली. टरफलं ओल्या बादलीत टाकली, त्यातली मूठभर पदरात घेतली आणि बागेत गेले. पायवाटेला आता फरशा बसवल्यात. समोरून रेवती येत होती, वरच्या मजल्यावरची आमची नवी भाडेकरू. नागपूरची आहे, कुठल्याशा मोठ्या कंपनीत काम करते, आणि सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे. आठवडाभर तिचं बाळ तापाने फणफणलं होतं. परवा उतरला ताप. कालच ती त्याला पहिल्यांदा बाबागाडीतून बाहेर घेऊन आली होती, डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. तिला इथे नवऱ्याशिवाय कुणी नाही. नवऱ्याशी फोनवर बोलताना मी तिला ऐकलंय, आपण परत जाऊया म्हणते.

मी गाडीच्या पुढे फरशीवर मूठ मोकळी केली. ती थांबली. माझ्या वयाचा मान राखत, पण ओठ घट्ट करून म्हणाली, “काकू, हे वेट वेस्टमध्ये जातं ना? आपणच असं केलं तर कसं?”

तो चेहरा मी ओळखला. खराटा घेऊन जास्वंदीमागे तोच उभा होता. मी तिला म्हटलं, “जातं ना. आत्ता झाडून नेणारच आहे. पण कचरा नाही गं तो. तुझ्या बाळाच्या दृष्टीची टरफलं आहेत ती.”

मग मी तिला रीत सांगितली. तुळसक्काइतकी गोड मला सांगता येत नाही, पण सांगितली. रेवतीने ऐकून घेतलं. तिचे ओठ सैल झाले आणि तिने एकदा मान वळवून डोळे पुसले. मागून फिरणारी मंडळी येत होती, आता माकडटोप्या नाहीत, कानांत काहीबाही घातलेली पोरं-पोरी. ती आमच्या दोघींच्या बाजूने वाट काढत टरफलांवरून पुढे गेली. रेवतीने बाबागाडीच्या दांडीवरची मूठ घट्ट केली आणि गाडी पुढे ढकलली. चाकांखाली टरफलं हलकेच चरचरली, आणि बाळ झोपेतच हसलं.